पंख्याच्या तक्रारी

बोट थरथरली, वेग पडला, धूर काळा झाला, की मालक आधी पंख्याला शिव्या घालतो. कोकणातल्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावर जुन्या लाकडी बोटींचे शाफ्ट आणि पंखे दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. पंखा बऱ्याचदा नुसता सोसत असतो, दुखणं असतं दुसरीकडेच. ही दुखणी आजची नाहीत. पंखा पुढे सरकला तोच मुळी मोडतोडीतून.

1836 साली लंडनजवळच्या फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या शेतकऱ्याने मळसूत्री पंख्याचं पेटंट घेतलं. त्याचा पंखा लाकडी होता, लांबलचक स्क्रूसारखा, दोन पूर्ण वेढ्यांचा. 1837 मध्ये पॅडिंग्टनच्या कालव्यात चाचणी चालू असताना तो कशावर तरी आपटला आणि अर्धा तुटून पडला. बोट थांबायची, ती उलट जोरात पळाली! लांबी जास्त म्हणजे ओढ जास्त, हा हिशेबच चुकीचा होता. आजही इंजिन बदललं की मालक हौसेने मोठा पंखा मागतो. मग इंजिनाचे फेरे पुरे चढत नाहीत, चिमणीतून काजळी निघते आणि डिझेल पाण्यासारखं जातं. अशा वेळी पात्यांचा पीच, म्हणजे तिरकेपणा, कमी करून घ्यावा. पण त्याआधी पंखा खरवडून पाहावा, कारण पात्यांवर कालवं चढली तरी लक्षणं हीच.

1845 मध्ये ब्रिटिश आरमाराने पंख्याच्या ‘रॅटलर’ची आणि बाजूला चाकं असलेल्या ‘अलेक्टो’ची रस्सीखेच लावली. रॅटलरने अलेक्टोला उलटं ओढत नेलं. पुस्तकांत या तमाशाचं कौतुक फार. आम्हा फिटर लोकांना खरी गोष्ट त्यानंतरची वाटते. शाफ्ट बोटीबाहेर निघतो तिथलं पितळी बेअरिंग झपाट्याने झिजायचं. 1854 च्या सुमारास जॉन पेन यांनी तिथे लिग्नम व्हिटे या अतिशय कठीण, तेलकट लाकडाच्या पट्ट्या बसवल्या आणि मधल्या खाचांतून समुद्राचंच पाणी खेळवलं. तेलाचं काम पाण्याने केलं. आता लाकडाच्या जागी रबर आलंय, खाचा त्याच राहिल्या. आमच्या खाड्यांचा गाळ त्या खाचांत बसला की रबर जळतं. बोट कोरडी पडली की शाफ्टचं टोक दोन्ही हातांनी वर उचलून बघा. खडखड हलला तर पंख्याकडे वळायची गरजच नाही.

कोकणात पंखा आला तो 1950 च्या दशकात जोराने. तेव्हाच्या मुंबई राज्याने कर्ज आणि अनुदान दिलं आणि मासेमारीच्या होड्यांत डिझेल इंजिनं बसू लागली. शिडासाठी बांधलेल्या होडीला मागे पंख्याची जागाच ठेवलेली नसे. सुताराने मागच्या जाड खांबाला आरपार भोक पाडायचं, फिटरने त्यातून नळी घालायची. भोक एक सूत तिरकं गेलं तर इंजिनाची बैठक तासून, खाली पाचर मारून, शाफ्ट कसाबसा जुळवायचा. शिवाय त्या रुंद खांबाच्या मागे पाणी घुसळलेलं असतं. प्रत्येक फेरीत पातं त्या घुसळीतून जातं, आणि बोटीला हिसका बसतो. अशा बोटीचे दोन-तीन पंखे बदलूनही थरथर जात नाही. तिथे खांबाच्या मागच्या कडा तासून निमुळत्या करणारा सुतार लागतो. तसे सुतार आता शोधावे लागतात, याचं वाईट वाटतं.

वेगाचं दुखणं वेगळं. चार्ल्स पार्सन्स यांची टर्बाइनवर चालणारी बोट ‘टर्बिनिया’ 1894 मध्ये पाण्यात उतरली, तेव्हा टर्बाइन अफाट फिरे आणि बोट मात्र ठरल्याप्रमाणे पळेना. पात्यांमागे पाण्यात पोकळ्या होत होत्या. त्या बघायला पार्सन्स यांनी छोटी टाकीच बांधली. शेवटी एका शाफ्टचे तीन केले, त्यांवर नऊ पंखे चढवले, आणि 1897 मध्ये स्पिटहेडच्या आरमारी संचलनात बोट सगळ्यांच्या नाकासमोरून निघून गेली. आमच्या बोटी एवढ्या पळत नाहीत. तरी वाकलेल्या किंवा कड तुटलेल्या पात्यामागे तेच बुडबुडे होतात आणि फुटताना धातूला बारीक खड्डे पाडतात.

धातूचीही परीक्षा घ्यावी. ज्याला आपण ब्राँझ म्हणतो, त्या बऱ्याच पंख्यांत जस्त भरपूर असतं. खारं पाणी ते जस्त खाऊन टाकतं. मग खरवडलं की पिवळ्याऐवजी गुलाबी तांबूस रंग दिसतो, हातोडीने हलकेच वाजवलं तर खणखणीत नाद येत नाही. असा पंखा ठोकून सरळ करू नये. पातं हातात येतं.

1 जूनपासून मासेमारी बंद होते आणि बोटी शाकारल्या जातात. शाफ्ट कोरड्यावर जुळवून निश्चिंत होण्याची सवय तिथूनच लागते. किनाऱ्यावर ओढलेली लाकडी बोट आकार बदलते. पाण्यात उतरून लाकूड फुगलं की पुन्हा बदलते. म्हणून इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तबकड्यांमधली फट बोट पाण्यात असताना, चारी बाजूंनी फीलर गेजने मोजा. बोट उतरवल्यावर काही दिवस थांबून पुन्हा मोजा, आणि मगच नव्या पंख्याचे पैसे काढा.