आधी इंजिन की आधी पंखा?
घरी बांधलेल्या अतिहलक्या विमानासाठी शक्ती आणि प्रोपेलर यांचा मेळ

होडीचे इंजिन कितीही ताकदीचे असो, त्याला पंखा चुकीचा बसला तर इंधन जळत राहते आणि होडी जागची हलत नाही, हे अलिबाग, रेवदंडा वा मुरूडच्या मच्छीमाराला कोणी शिकवावे लागत नाही. हवेत उडणाऱ्या यंत्रालाही हाच नियम लागू आहे. फरक एवढाच, की तेथे बंद पडलेले यंत्र किनाऱ्यापर्यंत ओढून नेणारी दुसरी होडी नसते. स्वतःच्या हातांनी अतिहलके विमान अर्थात मायक्रोलाइट बांधू पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न साहजिकच 'इंजिन किती अश्वशक्तीचे घ्यावे' असा असतो. हा प्रश्न अपुरा आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि प्रोपेलर हा एकच निर्णय असून तो विमानाच्या वेगावरून आणि वजनावरून घ्यावा लागतो.

वजनाची मर्यादा कठोर आहे. आपल्याकडे मायक्रोलाइट म्हणजे जास्तीत जास्त दोन आसनांचे आणि भरलेल्या अवस्थेत सुमारे ४५० किलो वजनाचे विमान. त्यातून दोन माणसांचे दीडशे आणि चाळीस लिटर पेट्रोलचे तीस किलो वजा करता सांगाडा, पंख, चाके, उपकरणे आणि इंजिन या साऱ्यांसाठी २७० किलो उरतात. त्यामुळे मोटारीचे जुने इंजिन बसवण्याचा मोह येथेच आवरावा. ते स्वस्त पडते, पण अनेकदा दुप्पट जड असते आणि तासन्तास जवळजवळ पूर्ण शक्तीवर चालण्यासाठी घडवलेले नसते.

जगभर या वर्गात ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीची इंजिने सर्वाधिक दिसतात. तिचे ५८२ हे दोन-स्ट्रोक इंजिन ६५ अश्वशक्तीचे, वजनाने कमी आणि रचनेने सोपे. मात्र साधारण ३०० तासांनी ते उघडून पूर्ण दुरुस्त करावे लागते. चार-स्ट्रोक ९१२ हे इंजिन ८० आणि १०० अश्वशक्तीच्या रूपांत मिळते आणि त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांसाठी हीच मुदत २००० तासांची आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या 'व्हायरस एसडब्ल्यू ८०' या मायक्रोलाइटमध्ये हेच कुटुंब आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या, ३ सप्टेंबर २०२१ रोजी प्रथम उडालेल्या 'हंसा-एनजी'मध्येही तेच. किमतीत मोठा फरक असला तरी रायगडच्या किनाऱ्यावर उडू इच्छिणाऱ्याने चार-स्ट्रोककडेच झुकावे, असे आमचे मत आहे. कारण भूगोलात आहे. हजार फुटांवर, म्हणजे ३०० मीटर उंचीवर इंजिन थांबले आणि विमान एकास आठ या प्रमाणात तरंगत उतरले, तर हाताशी जेमतेम अडीच किलोमीटर असतात. खाली एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्ये खाडी आणि खाजण. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येईल एवढी पुळण उघडी पडते. भरतीला तीही नाही.

आता पंख्याकडे वळू. ९१२ इंजिन पूर्ण शक्ती मिनिटाला ५८०० फेऱ्यांवर देते. १.७ मीटर व्यासाचा प्रोपेलर थेट या दांड्यावर बसवला, तर पात्याचे टोक सेकंदाला ५१६ मीटर वेगाने फिरेल. तीस अंश तापमानात ध्वनीचा वेग आहे ३४९ मीटर. टोक ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचले, की शक्ती रेट्याऐवजी आवाजात आणि धक्क्यांत वाया जाते. म्हणून १०० अश्वशक्तीच्या ९१२ मध्ये २.४३ पटींनी वेग कमी करणारा गिअरबॉक्स असतो. मग प्रोपेलर सुमारे २३८७ फेऱ्यांनी फिरतो आणि टोकाचा वेग २१२ मीटरवर येतो. हे शहाणपण नवे नाही. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात बारा अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन होते. सायकलीसारख्या साखळीने, आठ आणि तेवीस दात्यांच्या चक्रांतून, ते दोन मोठे प्रोपेलर मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेऱ्यांनी फिरवीत असे. ऑस्ट्रेलियाच्या जाबिरू कंपनीचे ८५ अश्वशक्तीचे इंजिन गिअरबॉक्सशिवाय ३३०० फेऱ्यांवर चालते. रचना साधी, पण प्रोपेलर आखूड ठेवावा लागतो.

आखूड पंख्याची किंमत उड्डाणाच्या क्षणी मोजावी लागते. शक्ती तीच ठेवून व्यास १.७ वरून १.४ मीटर केला, तर जागेवरचा रेटा सिद्धांतानेच बारा टक्क्यांनी घटतो. मंद गतीच्या विमानाला मोठा आणि सावकाश फिरणारा पंखाच मानवतो. तो मोठा किती असावा याला मात्र इंजिन मर्यादा घालते. त्याच फेऱ्यांवर व्यास दहा टक्के वाढवला, की लागणारी शक्ती तब्बल ६१ टक्क्यांनी वाढते. शिवाय जड पात्यांचे जडत्व गिअरबॉक्सचे दाते खाते. ५८२ च्या 'बी' गिअरबॉक्सला ३००० आणि 'सी' गिअरबॉक्सला ६००० किलोग्रॅम-वर्ग सेंटीमीटर एवढेच जडत्व चालते. पंखा विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून हा आकडा लेखी मागावा.

पिच म्हणजे एका फेरीत पंखा तत्त्वतः जेवढा पुढे सरकेल ते अंतर. एक मीटर पिच आणि २३८७ फेऱ्या म्हणजे ताशी सुमारे १४३ किलोमीटर. पिच कमी ठेवली तर विमान झटकन उचलते, पण सरळ उड्डाणात इंजिन मर्यादेपलीकडे धावते. जास्त ठेवली तर ते दमते आणि तापते. ९१२ ला ५८०० फेऱ्या फक्त पाच मिनिटे चालतात, सतत ५५०० च. नवख्याने जमिनीवर पिच बदलता येणारा कॉम्पोझिट प्रोपेलर घ्यावा. कोकणात उन्हाळ्यात ३५ अंशांना हवा प्रमाणित हवेपेक्षा सुमारे साडेसहा टक्के विरळ असते. थंडीत जमवलेला मेळ मे महिन्यात पुन्हा तपासावा लागतो.

लाकडी पंखा सुरेख आणि स्वस्त. पण पावसाळ्यात लाकूड फुगते, हिवाळ्यात आकसते आणि बोल्ट सैल होतात. त्यांचा ताण ऋतू बदलला की पाहावाच लागतो. पुळणीवरची वाळू पात्याची पुढची कड खाते, खारा वारा कार्ब्युरेटर आणि तारांची टोके. प्रत्येक उड्डाणानंतर गोड्या पाण्याने धुणे हाच उपाय.

इंधनाचा प्रश्न अलीकडे अधिक गंभीर झाला आहे. ९१२ च्या सूचनांमध्ये पेट्रोलमधील इथेनॉलची मर्यादा १० टक्के आहे, तर २०२५ पासून देशातील पंपांवर २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल सर्वसाधारण झाले आहे. इथेनॉल दमट हवेतील पाणी शोषते. ते पाणी टाकीच्या तळाशी वेगळे झाले, की इंजिन नेमके उड्डाणाच्या वेळी गुदमरू शकते. इंडियन ऑइलने सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातमधील वडोदरा येथे बनवलेले विमानी पेट्रोल बाजारात आणले. ते चालते, मात्र त्यातील शिशामुळे इंजिनचे तेल लवकर बदलावे लागते. पुरवठा कोठून होणार, हे इंजिन निवडण्याआधी ठरवावे.

परवान्याची वाट लांब आहे. कॅप्टन अमोल यादव यांचे कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली आणि चाचणी उड्डाण धुळ्यात २०२० मध्ये. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये वाहतूक सुरू झाल्याने उत्तर रायगडचे आकाश आता अधिकच नियंत्रित आहे.

पहिली चाचणी जमिनीवरचीच असते, आणि तीही जीव घेऊ शकते. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे एका तरुण कारागिराने मोटारीच्या इंजिनावर बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी सुरू होती. मागचे पाते तुटून मुख्य पंख्यावर आदळले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. म्हणून विमानाची शेपटी जमिनीत पुरलेल्या खुंटाला दोराने बांधावी, चाकांना अडसर लावावेत आणि पंख्याच्या फिरण्याच्या पातळीत, दोन्ही बाजूंना, कोणालाही उभे राहू देऊ नये. पूर्ण शक्तीवर फेऱ्या किती होतात ते वहीत लिहावे, इंजिन थंड होऊ द्यावे, बोल्ट पुन्हा तपासावेत आणि मगच पिच अर्ध्या अंशाने बदलून पुन्हा चालवून पाहावे.