नवख्यांची सॅमन-सफर: लेक मिशिगनवरील चार्टर मासेमारीचे विवेचन

१. प्रश्नाची मांडणी

शिकागो, मिलवॉकी किंवा पश्चिम मिशिगनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबात कधी ना कधी बेत ठरतो की मुलांना आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांना घेऊन एक दिवस लेक मिशिगनवर सॅमन धरायला जाऊ. बेत ठरला की पहिला प्रश्न विचारला जातो तो मासे किती मिळतील, हा. नवख्यांच्या बाबतीत हा प्रश्न दुय्यम आहे. तो का, हे कळण्यासाठी चार्टर म्हणजे नेमके काय ते आधी पाहायला हवे.

चार्टरमध्ये नाव, कॅप्टन, त्याचा मदतनीस म्हणजे फर्स्ट मेट आणि सगळी सामग्री एकत्रच भाड्याने मिळते. मासा कुठे आहे ते कॅप्टन शोधतो. आठ-दहा किंवा त्याहून अधिक गळ वेगवेगळ्या खोलीवर मेट सोडतो आणि नाव ताशी चार-पाच किलोमीटरच्या संथ वेगाने ते गळ ओढत राहते. या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. मासा लागल्यापासून तो जाळ्यात येईपर्यंतची काही मिनिटे तेवढी पाहुण्याच्या वाट्याला येतात, उरलेले तास वाट पाहण्यात जातात. नवख्याची त्यात सोय आहे, कारण गळ फेकण्याचे कौशल्य त्याला लागत नाही. अडचणही त्यातच आहे, कारण आठ वर्षांच्या मुलाला तीन तास निव्वळ वाट पाहणे जमत नाही. त्यामुळे सफर आखताना दोन गोष्टी साधायच्या असतात. वाट पाहण्याचा काळ कमी करायचा आणि झुंजीची ती मिनिटे खरोखर नवख्याच्या हाती राहतील असे पाहायचे. ऋतू, मासा, वारा, वेळ आणि पाळी यांचे निर्णय या दोन कसोट्यांवर घ्यावेत.

२. हे मासे इथले नव्हेत

इथे धरला जाणारा सॅमन मूळचा पॅसिफिक महासागराचा. लेक मिशिगनमध्ये तो माणसाने आणून सोडला. समुद्री लॅम्प्रे या परजीवी माशाने इथला लेक ट्राउट जवळजवळ संपवला. मोठा शिकारी मासा न उरल्यामुळे बाहेरून आलेला एलवाइफ हा लहान मासा बेसुमार वाढला आणि १९६७ साली मेलेल्या एलवाइफचे ढीग किनाऱ्यांवर साचले. त्याआधीच, १९६४ मध्ये, मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाची सूत्रे हॉवर्ड टॅनर यांच्याकडे आली होती. त्यांच्या पुढाकाराने ओरेगॉनहून आणलेल्या अंड्यांपासून वाढवलेली कोहो सॅमनची पिल्ले १९६६ च्या वसंतात प्लॅट नदीत सोडली गेली आणि पुढच्या वर्षी चिनुक सॅमनही सोडला गेला. एलवाइफ खाऊन हे मासे झपाट्याने वाढले.

१९६७ च्या शरद ऋतूत कोहो धरायला लोकांची झुंबड उडाली. मिळेल ती होडी घेऊन माणसे मोठ्या पाण्यात शिरली. २३ सप्टेंबरला वादळ आले आणि प्लॅट उपसागराच्या परिसरात सात जण बुडाले. गोड्या पाण्याचे असले तरी हे सरोवर सुमारे ४९० किलोमीटर लांब आणि १९० किलोमीटरपर्यंत रुंद आहे. 'तलावावर जाऊन येऊ' या भाषेत त्याचा विचार करणे चूक आहे.

३. कोहो की चिनुक

बहुतेक जाहिरातींत चिनुकचा फोटो असतो. त्याला तिथे 'किंग' म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये सात-आठ किलोचा चिनुक मिळणे नवलाचे नाही. पण त्या दिवसांत पृष्ठभागाचे पाणी कोमट झालेले असते आणि १० ते १३ अंश सेल्सियसच्या थंडाव्याच्या शोधात तो पंधरा, तीस, कधी चाळीस मीटर खोल उतरतो. चार-पाच किलोचा शिशाचा गोळा लावलेल्या डाउनरिगर या उपकरणाने आमिष तिथवर पोचवावे लागते. मासा लागला की पहिल्याच धावेत तो शंभर मीटर दोर घेऊन जाऊ शकतो. मागे इतर गळ पाण्यात असल्यामुळे नाव पूर्ण थांबवता येत नाही, म्हणजे माशाच्या ओढीत नावेच्या चालीची भर पडते. झुंज पंधरा-वीस मिनिटे चालली तर मुलाचे हात अर्ध्यातच गळून जातात आणि रॉड बाबांच्या हाती जातो. मग फोटोत मुलगा असतो, मासा बाबांचा असतो.

कोहोचे गणित वेगळे आहे. एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत तो सरोवराच्या दक्षिण टोकाला, म्हणजे इंडियानाच्या मिशिगन सिटीपासून शिकागो, वॉकीगन, केनोशा, रेसीनपर्यंतच्या पट्ट्यात गोळा होतो. पाणी वरपासून खालपर्यंत थंड असल्याने तो वरच्या थरात आणि पुष्कळदा किनाऱ्याजवळ असतो. वजन साधारण एक-दीड किलो. तो थव्याने फिरतो, त्यामुळे एक लागला की लगेच दुसरा लागण्याची शक्यता असते. दोन-चार मिनिटांची, उड्या आणि गिरक्यांनी भरलेली झुंज सात-आठ वर्षांचे मूल स्वतः पुरी करू शकते. वाट थोडी आणि झुंज झेपणारी, असा दोन्ही कसोट्यांना उतरणारा मासा म्हणजे वसंतातला कोहो. चिनुक दुसऱ्या-तिसऱ्या सफरीसाठी ठेवावा.

४. वारा आणि वेळ

लाटेची उंची वाऱ्याच्या जोराइतकीच तो किती अंतर मोकळ्या पाण्यावरून आला यावर ठरते. पश्चिमेचा वारा विस्कॉन्सिन-इलिनॉयच्या किनाऱ्यावरून आत वाहतो, म्हणून त्या किनाऱ्यालगत पाणी सपाट राहते. तोच वारा सरोवर ओलांडून मिशिगनच्या बाजूला पोचतो तेव्हा लाटा घेऊन पोचतो. उत्तरेचा वारा शिकागो-इंडियानाकडे जवळजवळ सरोवराची सगळी लांबी कापून येतो. त्या दिवशी आकाश निरभ्र असले तरी नवख्यांना घेऊन निघू नये. उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर पश्चिमेच्या वाऱ्याचा आणखी एक परिणाम दिसतो. तो वरचे कोमट पाणी आत ढकलतो, त्याजागी खालचे थंड पाणी वर येते आणि त्यासोबत मासाही किनाऱ्याकडे सरकतो.

इथल्या लाटा समुद्राच्या मानाने आखूड आणि एकामागून एक लगोलग येणाऱ्या असतात. सरावलेला प्रौढ एक मीटरची लाट सोसतो. मुलांसाठी अर्ध्या मीटरची मर्यादा धरावी. अमेरिकी हवामान खाते किनारी पट्ट्यासाठी वारा आणि लाटांचा वेगळा अंदाज देते, तो आदल्या संध्याकाळी वाचावा.

पहाटेच्या अंधारात निघणे ही चिनुकची गरज आहे. कोहो दिवस चढल्यावरही लागतो, म्हणून झोप पुरी झालेल्या मुलांना घेऊन सात-आठला निघता येते. चार-पाच तासांची अर्ध्या दिवसाची सफर पुरे. आठ तास घेतले तर शेवटचे तीन तास मुले रडवेली होतात आणि मोठ्यांचाही विरस होतो.

५. नाव, कॅप्टन आणि परवाना

बहुतेक चार्टर नावा सहा प्रवाशांपर्यंतच्या असतात आणि पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या कॅप्टनकडे अमेरिकी तटरक्षक दलाचा परवाना असावा लागतो. तो आहे का, हे विचारण्यात संकोच नको. सहा जागा असल्या तरी मुले असतील तर चौघांनीच जावे. पाळी लवकर येते आणि मागच्या डेकवर वावरायला जागा राहते. नावेत शौचालय आहे का, हेही आगाऊ विचारावे.

मासेमारीचा परवाना राज्यागणिक बदलतो. विस्कॉन्सिन आणि इलिनॉयमध्ये सोळा वर्षांखालील आणि मिशिगनमध्ये सतरा वर्षांखालील मुलांना तो लागत नाही. मोठ्यांना लागतो. विस्कॉन्सिन आणि इलिनॉयमध्ये वार्षिक परवान्यावर सॅमनचा वेगळा स्टॅम्पही घ्यावा लागतो. नुसते बसायला आलेल्या आजोबांना परवाना नको, पण त्यांनी रॉड हाती घ्यायचा असेल तर हवा.

६. शरीराची तयारी

एप्रिल-मेमध्ये पाणी पाच ते आठ अंशांवर असते. अशा पाण्यात पडलेल्या माणसाबद्दल तज्ज्ञ एक-दहा-एक असा हिशेब सांगतात. पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात आणायचा, पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात आणि साधारण तासाभराने शुद्ध हरपू शकते. पोहता येते म्हणून लाइफ जॅकेट नको, हा युक्तिवाद त्या पहिल्या मिनिटातच कोसळतो. लहान मुलांची जॅकेटे वजनानुसार असतात, साधारण १४ ते २३ किलो आणि २३ ते ४१ किलो अशी. बुकिंग करतानाच मुलाचे वजन सांगावे. जॅकेट घातल्यावर ते खांद्यांशी धरून मुलाला किंचित वर उचलून पाहावे. जॅकेट हनुवटी-कानांपर्यंत सरकले तर ते मोठे आहे, दुसरे मागावे. धक्क्यावर चढवलेले जॅकेट धक्क्यावर परत येईपर्यंत उतरवू नये.

बोट लागण्याचा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना सर्वाधिक होतो. औषध द्यायचे तर बालरोगतज्ज्ञाला विचारून, निघण्याआधी द्यावे. मळमळ सुरू झाल्यावर दिलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. मुलांना केबिनमध्ये न बसवता मागच्या बाजूला, क्षितिज दिसेल असे बसवावे आणि मोबाइल खिशात ठेवायला लावावे. रिकाम्या पोटी नेऊ नये, तसेच तळलेल्या पुऱ्यांवर ताव मारूनही नेऊ नये. किनाऱ्यावर वीस अंश तापमान असले तरी पाण्यावर बोचरा गारठा असतो, म्हणून टोपी, हातमोजे आणि वाऱ्याचे जाकीट हवे. तिहेरी गळ हवेत उडण्याचा धोका असतो, त्यामुळे डोळ्यांवर चष्माही हवा. खाऊच्या डब्यात केळी ठेवण्यापूर्वी मात्र कॅप्टनला विचारावे. नावेवर केळे अपशकुनी, असे मानणारे कॅप्टन पुष्कळ आहेत.

७. पाळी आणि झुंज

रॉड वाकला की सगळे एकदम धावतात, ढकलाढकली होते आणि बहुधा सर्वात धिटुकल्या मुलाच्या हाती रॉड जातो. यावर उपाय म्हणजे निघण्याआधीच क्रम ठरवणे. पहिला मासा सर्वात लहानाचा, मग वयाप्रमाणे. मासा सुटला तर पाळी संपली की चालू, हेही आधीच ठरवावे. पाळी चालू धरावी, कारण नवख्याच्या हातून मासा सुटणारच.

झुंजीचे नियम तीनच सांगावेत. दोर कधी सैल पडू द्यायचा नाही. मासा दोर ओढून नेत असताना हँडल फिरवायचे नाही. मासा थांबला की रॉड हळू वर उचलायचा आणि खाली आणताना दोर गुंडाळायचा. यापेक्षा जास्त सूचना दिल्या, आणि त्याही तिघांनी एकदम ओरडून दिल्या, तर मूल गोंधळते. बोलायचे ते एकट्या मेटने. रॉड अडीच मीटरपेक्षा लांब असतो, म्हणून त्याचा बुंधा मुलाच्या काखेखाली टेकवून मोठ्याने मागून आधार द्यावा, पण हँडलला हात लावू नये.

ट्रोलिंगच्या रीलवर बहुधा किती फूट दोर बाहेर आहे ते दाखवणारा छोटा आकडेदर्शक असतो. मुलांसाठी यासारखे साधन नाही. मासा दिसत नसतो, पण आकडा दिसतो. १२० वरून ९०, ९० वरून ६०. मासा उसळला की पुन्हा ७५. मूल आकडे मोठ्याने वाचू लागते, नावेवरचे सगळे त्याच्याबरोबर मोजू लागतात आणि तीसच्या आत आला की मेट जाळे उचलतो. झुंज किती उरली हे मुलाला स्वतःला कळते, म्हणून ते दमले तरी सोडत नाही.

दोन माशांमधल्या काळात मुलांना खरे काम द्यावे. एकाने रॉडच्या टोकांवर नजर ठेवावी, दुसऱ्याने सोनार या मासे शोधण्याच्या यंत्राच्या पडद्यावरची खोली आणि पाण्याचे तापमान वहीत लिहावे, तिसऱ्याने कोणत्या रंगाच्या आमिषाला मासा लागला याची नोंद करावी. तासाभरात वहीतून काहीतरी निष्कर्ष निघू लागतो आणि कॅप्टनही तो ऐकतो. गळ आणि जाळे मात्र मुलांच्या हाती देऊ नये.

८. मरण आणि ताट

धरलेला मासा नावेवर मारला जातो, रक्त काढून बर्फात ठेवला जातो. मासळी बाजारात वाढलेल्या आजीला त्याचे काही वाटणार नाही, पण फक्त गोठवलेले तुकडे पाहिलेल्या नातवाला धक्का बसू शकतो. हे घरीच, आधी सांगावे. 'सोडून देऊ' हे आश्वासन उन्हाळ्यात देऊ नये. खोल थंड पाण्यातून कोमट पृष्ठभागावर ओढून आणलेला दमलेला मासा सोडला तरी जगेलच असे नाही.

खाण्याबाबत एक गोष्ट मराठी स्वयंपाकघराला थेट लागू पडते. या सरोवरातल्या माशांच्या चरबीत पीसीबी ही जुनी औद्योगिक रसायने साठलेली असतात, म्हणून किनाऱ्यावरच्या राज्यांचे आरोग्य विभाग मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी प्रमाणाची मर्यादा सांगतात. मोठ्या, वयस्क माशापेक्षा लहान कोहो बरा. कातडी, पोटाची आणि पाठीची चरबी काढून टाकावी आणि सुटलेली चरबी निथळून जाईल असा मासा भाजावा. कालवणात ती चरबी रशात उतरते आणि भाताबरोबर पोटात जाते. म्हणून या माशाचे कालवण करू नये. हळद, तिखट, आले-लसूण लावून जाळीवर भाजावा.

९. निर्णय

मे महिना, सरोवराची पश्चिम बाजू, कोहो, अर्धा दिवस, चार माणसे, अर्ध्या मीटरखाली लाट, आधी ठरलेली पाळी. पहिल्या सफरीसाठी एवढे पुरे आहे. वयाचे म्हणाल तर सहा वर्षांखालील मुलाला रॉडसाठी नेऊ नये. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी कॅप्टनला एकच प्रश्न विचारावा: मुलाला त्रास झाला तर दोन तासांत परत फिराल का? जो तत्काळ हो म्हणतो त्याचीच नाव घ्यावी, आणि परत फिरण्याची वेळ आली तर पूर्ण भाडे आणि मेटची बक्षिसी कुरकुर न करता द्यावी.