काशीतले नारळीकर: वडिलांची गोष्ट

काशीतली मराठी माणसं म्हटलं की आपण गागाभट्टांपासून सुरुवात करतो, अहिल्याबाईंपाशी थांबतो आणि ब्रह्माघाट-दुर्गाघाटावरच्या वाड्यांच्या आठवणी काढतो. विद्यापीठाकडे आपली पावलं सहसा वळत नाहीत. वळलीच तर ‘जयंतराव इथे वाढले’ एवढं सांगून आपण परततो. मीही बरीच वर्षं तेच करत आलो. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर यांच्यावर यात थोडा अन्यायच होतो.

जन्म १९०८, कोल्हापूर. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले. तिथे रँग्लर झाले, रॅले पारितोषिकही मिळवलं. पंडित मदनमोहन मालवीयांनी बोलावलं तेव्हा वय जेमतेम चोवीस. १९३२ साली ते काशी हिंदू विश्वविद्यालयात गणित विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. खातं गणिताचं असलं, तरी त्यांचा विषय होता आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं भौतिकशास्त्र. त्या काळी आपल्याकडे हा विषय हाती घेणारे थोडेच.

त्यांच्या कामाचं मोल एका प्रसंगातून चांगलं कळतं. १९४२ साली, ‘चले जाव’च्या धामधुमीत, प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचे एक तरुण गुजराती अध्यापक बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन काशीला आले. फेलोशिप नव्हती, गाठीच्या शिलकीवर संसार. मुक्काम साधारण दहा महिन्यांचा. ताऱ्याभोवतालच्या गुरुत्वाकर्षणासाठी श्वार्झशिल्डचं १९१६चं उत्तर होतं, पण त्यात ताऱ्याबाहेर पूर्ण पोकळी धरलेली. खरा तारा तर प्रकाश फेकतो, आणि फेकता फेकता त्याचं वस्तुमान घटत जातं. मग गणित कसं मांडायचं? वैद्यांनी ते मांडलं आणि १९४३ मध्ये छापलं. आज जगभर ते ‘वैद्य मेट्रिक’ म्हणून ओळखलं जातं. नाव शिष्याचं लागलं, आणि ते योग्यच. पण ज्या दारी जाऊन हे शिकता येईल असं दार तेव्हा काशीत उघडं होतं, हे विसरून कसं चालेल?

के. आर. कर्मरकर हेही त्यांच्यासोबत काम करणारे. त्यांची १९४८ची ‘कर्मरकर अट’ आजही घनदाट ताऱ्यांची प्रारूपं मांडताना वापरली जाते.

घरात पत्नी सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. जयंतराव याच घरात, विद्यापीठाच्या आवारात वाढले आणि १९५७ साली इथूनच बी.एस्सी. होऊन केंब्रिजला गेले.

अठ्ठावीस वर्षांनी, १९६० मध्ये, नारळीकरांनी काशी सोडली. राजस्थान लोकसेवा आयोगाचं अध्यक्षपद सांभाळून पुढे ते पुणे विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९९१ साली ते गेले.

पुण्यात सापेक्षतावादाचं मोठं केंद्र उभं राहिलं, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण त्या परंपरेचं एक मूळ गंगाकाठी आहे. पुढच्या खेपेला काशीला गेलात, तर घाट बघून झाल्यावर लंकेच्या सिंहद्वारातून जरा आतही जाऊन या.