मेक्सिकोत रस्त्यावर खायचंय? स्टॉल निवडताना घड्याळ, गर्दी आणि हात बघा

मे २०२४ मध्ये मिशेलिन गाइडने मेक्सिकोसाठीची आपली पहिली यादी जाहीर केली आणि त्यातल्या एका नावाची जगभर बातमी झाली. मेक्सिको सिटीच्या सान राफाएल भागातलं 'एल कालिफा दे लेओन'. जागा आपल्या भाषेत सांगायची तर दहा बाय दहा. बसायला खुर्ची नाही. १९६८ पासून सुरू असलेल्या या दुकानात टाको मिळतात फक्त चार प्रकारचे. मिशेलिन स्टार मिळवणारं हे मेक्सिकोतलं पहिलं टाकोचं दुकान.

बातमी आल्यावर व्हायचं तेच झालं. पर्यटकांची रांग लागली, रील्स आल्या, 'मेक्सिकोत इथे खाल्लंच पाहिजे' अशा याद्या निघाल्या. पण मेक्सिकोतली बहुतेक चांगली गाडी कुठल्याच यादीत नसते. ती सकाळी एका कोपऱ्यावर उभी राहते आणि दुपारपर्यंत माल संपवून घरी जाते. बऱ्याचदा तिला नावही नसतं.

मग ती ओळखायची कशी? आणि एवढ्या लांब जाऊन पोट बिघडून हॉटेलच्या खोलीत पडून राहायची वेळ येऊ नये, किंवा नकळत बीफ किंवा डुकराची चरबी पोटात जाऊ नये, यासाठी काय बघायचं? एकेक करून समजून घेऊ.

आधी घड्याळ बघा

मेक्सिकोत रस्त्यावरच्या खाण्याला वेळापत्रक असतं. आपल्याकडे सकाळी पोहे-उपमा आणि संध्याकाळी भेळ-पाणीपुरी असते ना, तसंच. योग्य वेळी गेलात तर पदार्थ ताजा मिळतो. चुकीच्या वेळी गेलात तर उरलेला.

सकाळी तामाल. मक्याच्या पिठात सारण भरून, कणसाच्या सालात किंवा केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेला हा पदार्थ मोठ्या पातेल्यातून गरमागरम निघतो. सोबत आतोले, म्हणजे मक्याच्या पिठाचं दाटसर गरम पेय. मेक्सिको सिटीत तर तामाल चक्क पावात घालून खातात. त्याला 'ग्वाहोलोता' म्हणतात. पिठाच्या पदार्थाभोवती पुन्हा पीठ, हे गणित वडापाववाल्यांना समजावून सांगायची गरज नाही.

सकाळीच सायकलवर टोपली बांधून फिरणारे 'टाको दे कानास्ता' विकणारेही दिसतील. यात बटाटा, घेवडा असं सारण भरलेले मऊ टाको कापड आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उबदार ठेवतात. टोपली उघडल्यावर वाफ आली पाहिजे. दुपारी कोमट टोपली दिसली तर सोडून द्या.

शनिवार-रविवारची सकाळ बार्बाकोआची. मेक्सिको सिटी आणि शेजारच्या इदाल्गो राज्यात मेंढीचं मांस घायपाताच्या जातीतल्या मागेय वनस्पतीच्या पानांत गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर शिजवतात आणि सकाळी विकायला काढतात. डुकराच्या चरबीत शिजवलेलं कार्नितासही दिवसाचंच खाणं. मिचोआकान राज्य त्यासाठी प्रसिद्ध आहे.

मासळी दुपारपर्यंत. एन्सेनादासारख्या समुद्रकाठच्या शहरात माशाचे टाको आणि कच्च्या मासळीचे तोस्तादा सकाळपासून दुपारपर्यंत खातात. रात्री नऊ वाजता रस्त्यावर कच्ची मासळी मांडलेली असेल तर हात जोडून पुढे जा.

रात्र मात्र 'अल पास्तोर'ची. उभ्या सळईवर रचलेलं डुकराचं लालसर मांस आगीसमोर फिरत असतं आणि टाकोवाला ते कापून थेट टॉर्टियावर झेलतो. ही पद्धत लेबनॉनहून मेक्सिकोत आलेल्या लोकांच्या शवर्मातून आली. इथे बघायचं एवढंच, की आग पेटलेली आहे का आणि मांस मागणीनुसार कापलं जातंय का. आग बंद आणि बाजूला कापून ठेवलेला ढीग असेल, तर दुसरी गाडी शोधा.

पाटी वाचा: जितकी छोटी, तितकी चांगली

ज्या स्टॉलवर टाको, बर्गर, पिझ्झा आणि सुशी सगळंच मिळतं, तिथला कुठला पदार्थ किती दिवसांचा आहे हे सांगता येत नाही. ज्या गाडीवर एक किंवा दोनच पदार्थ आहेत, तिचं पोटच त्यावर अवलंबून असतं. माल रोज येतो, रोज संपतो. मिशेलिन स्टार मिळालेल्या दुकानातही प्रकार चारच होते, हे विसरू नका.

या पाट्या स्वतःच एक कला आहेत. हाताने रंगवलेलं डुक्कर, हसणारा मासा, ठळक अक्षरं. त्यांना तिथे 'रोतुलो' म्हणतात. २०२२ मध्ये मेक्सिको सिटीच्या क्वाउतेमोक भागातल्या प्रशासनाने स्टॉलवरच्या अशा पाट्या पुसायला लावून त्या जागी आपलं बोधचिन्ह रंगवायला लावलं, तेव्हा कलाकारांनी आणि नागरिकांनी जोरदार विरोध केला होता. स्पॅनिश येत नसलेल्या माणसाला तर या चित्रांचा थेट उपयोग होतो. पाटीवर कुठला प्राणी आहे, त्यावरून गाडीवर काय मिळतं ते कळतं.

गर्दी आहे, पण कोणाची?

'जिथे गर्दी तिथे खा' हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. रांग मोबाइल वर धरून उभ्या असलेल्या पर्यटकांची असेल, तर ती इंटरनेटने लावलेली रांग असते. रांगेत गणवेशातले कामगार, टॅक्सीवाले, नर्स, शाळेतून मुलांना घेऊन निघालेल्या आया दिसल्या तर थांबा. हे लोक रोज येतात. गाडीवाल्याने एकदा जरी खराब माल दिला, तर उद्या ते येणार नाहीत, हे त्यालाही माहीत असतं.

गर्दीचा दुसरा फायदा आरोग्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात अन्नातले जंतू झपाट्याने वाढतात. गर्दीच्या गाडीवर पदार्थाला त्या टप्प्यात पडून राहायला वेळच मिळत नाही. तव्यावरून थेट हातात.

असे स्टॉल एका ठिकाणी हवे असतील तर 'तियांगिस' शोधा. तियांगिस म्हणजे आपला आठवडी बाजार. हा शब्द मूळचा नाहुआत्ल भाषेतला, स्पॅनिश लोक येण्याच्या आधीचा. कुठल्या गल्लीत कुठल्या वारी तियांगिस भरतो, ते हॉटेलच्या रिसेप्शनपेक्षा तिथल्या सफाई कर्मचाऱ्याला विचारा. उत्तर जास्त कामाचं मिळेल.

हात, ताट आणि बर्फ

रस्त्यावर नळ नसतो. मग स्वच्छता कशी पाळतात? मेक्सिकन स्टॉलवर प्लॅस्टिकच्या ताटलीवर पातळ पिशवी चढवलेली दिसेल. तुमचं खाणं झालं की पिशवी फेकायची, पुढच्या गिऱ्हाइकाला नवीन. पर्यावरणाच्या दृष्टीने वाईट, पण एकाच बादलीत बुचकळलेल्या ताटलीपेक्षा पोटासाठी बरं.

दुसरं, पैसे कोण घेतंय ते बघा. चांगल्या स्टॉलवर पैसे घेणारा आणि खाणं हाताळणारा माणूस वेगळा असतो. एकटाच असेल तर तो हातावर पिशवी चढवून पैसे घेतो.

पाणी बाटलीबंद किंवा शुद्ध केलेलंच प्या. तिथले लोकही नळाचं पाणी सहसा पीत नाहीत, घरोघरी २० लिटरचे जार येतात. 'आग्वा फ्रेस्का' म्हणजे चिंच, जास्वंदीच्या जातीचं फूल किंवा तांदूळ-दालचिनी घालून केलेली थंड पेयं. ती घ्यायची असतील तर शेजारी जार दिसतोय का ते पाहा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते साल्साच्या वाट्यांकडे. टाको गरम असतो, पण कच्च्या टोमॅटो-मिरचीची वाटी उन्हात तासन्‌तास उघडी असू शकते. वाटी भरभर संपून पुन्हा भरली जात असेल तरच घ्या. लिंबू पिळलं म्हणजे जंतू मेले, असं होत नाही.

'आपण भारतीय, आपल्याला काही होत नाही' हा आत्मविश्वासही विमानतळावरच सोडा. प्रवासातल्या जुलाबांचं मोठं कारण ई-कोलाय जंतूचे काही प्रकार असतात आणि आपलं पोट तिथल्या सगळ्या प्रकारांना सरावलेलं नसतं. सोबत ओआरएसची पाकिटं ठेवा. ताप आला किंवा शौचातून रक्त पडलं तर थेट डॉक्टर. आणि तिखटाबद्दल बोलायचं तर, मिरची पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणली, पण तिचं मूळ मेक्सिकोकडचं. युकातान भागात आबानेरो मिरचीचा साल्सा पुढ्यात आला तर आधी एक थेंब चाखा.

शाकाहारी आहात, किंवा बीफ खात नाही?

इथे सर्वाधिक घोटाळे होतात. 'सिन कार्ने' म्हणजे 'मांस नको' एवढंच म्हणालात, तर चिकन किंवा हॅम घातलेला पदार्थ समोर येऊ शकतो, कारण 'कार्ने' म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर बीफच येतं. म्हणून पूर्ण वाक्य म्हणा: 'नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो'. मी मांस, चिकन, मासे खात नाही.

पदार्थाकडे बोट दाखवून विचारा: 'दे के एस?' म्हणजे हे कशाचं आहे? उत्तरातले शब्द लक्षात ठेवा:

- रेस: बीफ
- सेर्दो किंवा पुएर्को: डुक्कर
- बोर्रेगो: मेंढी
- चिवो: बोकड
- पोयो: चिकन

पदार्थाच्या नावावर जाऊ नका. बिर्रिया हालिस्को राज्यात परंपरेने बोकडाची, पण तिहुआनात बीफची. बार्बाकोआ मेक्सिको सिटीजवळ मेंढीचा, उत्तरेकडे अनेकदा बीफचा.

मग येते मांतेका, म्हणजे डुकराची चरबी. ती तामालच्या पिठात, घोटलेल्या घेवड्यात आणि उत्तरेकडच्या गव्हाच्या टॉर्टियात असू शकते. विचारा: 'तिएने मांतेका?' मक्याच्या साध्या टॉर्टियात ती नसते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, दळून तो लगदा थापतात, बस.

शाकाहारी माणसासाठी हक्काची गाडी म्हणजे त्लाकोयोची. निळ्या मक्याच्या पिठात घेवडा किंवा वालासारख्या कडधान्याचं सारण भरून तव्यावर भाजायचं आणि वर निवडुंगाची भाजी आणि चीज. केसादियात भोपळ्याची फुलं, मशरूम किंवा उइतलाकोचे, म्हणजे कणसावर वाढणारी काळी बुरशी मागता येते. मेक्सिको सिटीत केसादियात चीज असेलच असं नाही, हवं तर 'कोन केसो' म्हणा. संध्याकाळी चीज, मेयोनीज, तिखट आणि लिंबू लावलेलं कणीस म्हणजे एलोते. आपल्या भुट्ट्याचा श्रीमंत भाऊ.

ऑर्डर आणि हिशोब

एकदम पाच टाको मागू नका. दोन मागा, खा, आवडले तर पुन्हा मागा. 'कोन तोदो?' असं विचारलं तर त्याचा अर्थ कांदा-कोथिंबीर घालू का. अनेक स्टॉलवर पैसे शेवटी द्यायचे असतात आणि किती खाल्ले ते तुम्हीच सांगायचं. हा हिशोब विश्वासावर चालतो, तो मोडू नका. रोख पेसो आणि सुटे पैसे जवळ ठेवा. कार्ड प्रत्येक गाडीवर चालत नाही. निघताना शेजारी खाणाऱ्यांना 'प्रोवेचो' म्हणा, म्हणजे सावकाश जेवा.

मेक्सिकोत निम्म्याहून अधिक लोक असंघटित क्षेत्रात काम करतात आणि यातल्या बऱ्याच गाड्या त्याच कमाईवर घर चालवतात. म्हणून एखादी गाडी आवडली तर दुसऱ्या दिवशी यादीतलं पुढचं नाव शोधण्याऐवजी त्याच वेळेला पुन्हा तिथेच जा. दुसऱ्या खेपेला गाडीवाला तुम्हाला ओळखतो आणि आज काय ताजं आहे ते स्वतःहून सांगतो. कुठल्याही अॅपवर ही माहिती मिळत नाही.