अनामिक फुलझाडे आणि उसनी नावे

तुळिंज हे नालासोपाऱ्याच्या पूर्व अंगाचे जुने गाव आज इमारतींच्या दाटीत मिसळून गेले आहे. येथील एखाद्या घराच्या सज्जात विक्रेत्याकडून आणलेले फुलझाड कुंडीत लावलेले असते. त्यावर चिठ्ठी नसते. ‘हे झाड कोणते?’ असे विचारता विक्रेता ‘चाफा’ किंवा ‘लिली’ असे एखादे नाव सांगतो आणि व्यवहार संपतो. इतिहासाच्या अभ्यासकाचे काम मात्र येथूनच सुरू होते. असे झाड म्हणजे मूळ स्थळाचा निर्देश हरवलेले एक साधनच होय. आणि विक्रेत्याने सांगितलेले नाव ही त्या साधनाविषयीची एक मौखिक साक्ष होय. या साक्षीचे मोल किती, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘चाफा’ हा शब्द घेऊ. मराठीत या एका नावाखाली निदान चार वेगवेगळ्या कुळांतील वनस्पती नांदतात. सोनचाफा हा चंपक कुळातील; त्याच्या फुलात अनेक पाकळ्या, अनेक पुंकेसर आणि उंच अक्षावर रचलेली किंजदले असतात. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातील असून त्याच्या सहा पाकळ्या तीन-तीनच्या दोन वलयांत असतात व फुलाचा देठ आकड्यासारखा वळलेला असतो. नागचाफ्याच्या चार शुभ्र पाकळ्यांमध्ये पिवळ्या केसरांचा दाट झुबका दिसतो. तो उंडीचा आप्त. देवचाफा अथवा खुरचाफा या सर्वांहून निराळा. त्याची फांदी मोडताच पांढरा चीक येतो आणि त्याच्या पाच पाकळ्या कळीत एकमेकींवर पिळलेल्या असतात. तो कण्हेरीच्या कुळातील आहे. सुगंध व पूजेतील उपयोग यांच्या साम्यावरून लोकांनी हे नाव पसरविले. वनस्पतींच्या नात्याशी त्याचा संबंध नाही.

हा भेद केवळ वनस्पतिशास्त्राचा नव्हे. देवचाफा मूळचा उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील आहे. म्हणून यादवकालीन ग्रंथात जेथे चाफ्याचा उल्लेख येईल तेथे देवळापुढील पांढऱ्या फुलांचे झाड डोळ्यांसमोर आणणे हा कालविपर्यास होईल. नाव जुने, पण झाड नवे, असा हा प्रकार आहे. गुलबाक्षीचे नाव फारसी वळणाचे आणि झाड अमेरिकेतील. दसऱ्याच्या तोरणातील झेंडू मेक्सिकोकडचा. वसई इ. स. १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, एवढ्यावरून प्रत्येक परदेशी झाड वसईच्या बंदरातच उतरले असे म्हणणेही तितकेच असमंजस होय. मूळ देश ठरला म्हणजे मार्ग ठरला असे होत नाही.

तथापि लोकांनी दिलेले नाव सर्वस्वी टाकाऊ मानणे चुकीचे ठरेल. गार्सिया द ओर्ता याचा औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ इ. स. १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात निरनिराळ्या भाषांतील नावे समोरासमोर ठेवून त्यांची छाननी केलेली आढळते. पुढे व्हान ऱ्हीड याच्या ‘होर्तुस मलबारिकुस’चे बारा खंड इ. स. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले. या कामी रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघा कोंकणी ब्राह्मणांचे साहाय्य झाले. इ. स. १६७५ चे त्यांचे साक्षपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे, आणि वनस्पतींच्या चित्रांवरही नागरी अक्षरांत नावे कोरलेली दिसतात. लिनियसने इ. स. १७५३ मध्ये सोनचाफ्याचे शास्त्रीय नाव ठरविताना ‘चंपाका’ हा आपल्याकडील शब्दच स्वीकारला. मात्र येथे नावाबरोबर चित्र व वर्णन होते. म्हणून ती साक्ष टिकली.

मुंबई इलाख्यापुरते पाहता जॉन ग्रॅहमची सूची (१८३९) आणि डाल्झेल व गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ (१८६१) ही साधने विशेष उपयुक्त आहेत. दोन्हींत रानटी वनस्पतींबरोबर बागेतील लागवडीच्या वनस्पतीही नोंदविलेल्या आहेत. एखादे झाड यात आढळले तर ते त्या वर्षापूर्वी येथे पोहोचले होते, एवढे निश्चितपणे सांगता येते.

आता कुंडीकडे वळू. विक्रेत्याची ‘लिली’ पुष्कळदा अमेरिकेतील हिपिॲस्ट्रम असते. तिचा अंडाशय पाकळ्यांच्या खाली असतो, खऱ्या लिलीचा वर. अँथुरियमचे तांबडे ‘फूल’ हे वस्तुतः महाछद होय. खरी फुले मधल्या दांड्यावर बारीक कणांसारखी दाटलेली असतात. बोगनवेलीचा रंगही छदांचा आहे. नव्या रोपवाटिकांतील पुष्कळ झाडे संकरित असल्याने प्रजाती ठरविण्याचा अट्टहास न करता वंशापाशी थांबणे अधिक प्रामाणिकपणाचे होय. या ओळखीला व्यावहारिक महत्त्वही आहे. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी ही अमेरिकेतील. तिला कण्हेरीचे नाव उसने मिळाले, पण ती त्याच कुळातील व तशीच विषारी असल्याने त्या नावाने योग्य इशारा दिला. उलट चाफ्यासारखा दिसणारा अडेनियम विषारी असूनही त्याचे नाव मराठी माणसाला काहीच सांगत नाही. लहान मुले असलेल्या घरात हा फरक क्षुल्लक नव्हे.

तुळिंजच्या शेजारीच, सोपारा येथे, पंडित भगवानलाल इंद्रजी यांना इ. स. १८८२ मध्ये कोरीव अक्षरांचा एक दगडी तुकडा मिळाला. त्यावर राजाचे नाव शोधण्यावर सारे अवलंबून नव्हते. अन्यत्र सापडलेल्या लेखांशी शब्दशः ताडून तो अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा अंश असल्याचे ठरले. अनामिक फुलझाडाची रीत हीच आहे. पान, चीक, पाकळ्या, केसर व अंडाशय यांची नोंद आधी करावी. ती ग्रंथांतील वर्णनाशी व मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहासारख्या ठिकाणच्या नमुन्यांशी ताडावी. आणि विक्रेत्याने सांगितलेले नाव शेवटी, पण जपून, टिपून ठेवावे. ते नाव झाडाचा इतिहास सांगत नसले तरी त्या झाडाला आपले म्हणणाऱ्या माणसांचा इतिहास सांगते.