फळीला चाकं लागली त्याची गोष्ट

स्केटबोर्ड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रील्समधली पोरं येतात. पायऱ्यांवरून उडी, कठड्यावरून घसरण, पायाखाली गरगर फिरणारी फळी. ती फळी साधारण ऐंशी सेंटिमीटर लांब, दोन्ही टोकांना वर वळलेली आणि मेपलच्या सात पातळ थरांची असते. तिची एक थोरली बहीण आहे, लाँगबोर्ड. ती मीटरभर किंवा त्याहून लांब असते आणि तिची चाकं मोठी, मऊ असतात. ती उड्या मारायला नसते. लांबचा रस्ता कापायला, उतारावरून डुलत वळणं घेत यायला असते. हा लाँगबोर्ड जगभरात बरेच हौशी लोक आजही घरी, हातानं करतात. तेही चिकटवलेल्या थरांतून नाही, तर ओक, अ‍ॅश, मेपल, अक्रोड अशा कठीण लाकडाच्या अखंड फळीतून.

दुकानात त्याहून हलका आणि चिवट बोर्ड मिळत असताना हा खटाटोप का? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी आधी लाकडाच्या आणि मग शाळेच्या इतिहासात शिरले. खेळाच्या इतिहासापेक्षा तोच मला जास्त मोलाचा वाटला.

लाटेवरून रस्त्यावर

स्केटबोर्डची आजी म्हणजे हवाई बेटांवरची लाटेवर स्वार होण्याची फळी. तिथं झाडाच्या सोटातून फळी तासून काढत. 'अलाइआ' नावाची पातळ फळी बहुधा कोआच्या लाकडाची असे. कोआ आपल्या बाभळीच्या गोतातलं झाड. 'ओलो' ही लांब, जड फळी मुख्यतः सरदार-राजघराण्यातल्यांची. तिच्यासाठी विलीविली या झाडाचं हलकं लाकूड वापरत. विलीविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा सख्खा नातलग. उन्हाळ्याच्या तोंडाशी लाल फुलांनी पेटणारा पांगारा ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे नातं ऐकून गंमत वाटेल.

1885 साली हवाईचे तीन राजपुत्र कॅलिफोर्नियात शिकायला होते. सँटा क्रूझच्या किनाऱ्यावर त्यांनी तिथल्याच रेडवूडच्या फळ्या करवून घेतल्या आणि लाटांवर चढले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सर्फिंग झाल्याची ही सगळ्यात जुनी नोंद मानली जाते. पुढच्या सत्तर वर्षांत हा खेळ कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर रुजला. 1950 च्या दशकाच्या अखेरीस सर्फबोर्डमधून लाकूड बाहेर पडू लागलं. त्याची जागा फोम आणि फायबरग्लासनं घेतली. समुद्रातली फळी लाकूड सोडत होती, नेमक्या त्याच काळात लाकडाची फळी रस्त्यावर उतरली.

लाटा नसलेल्या दिवशी करायचं काय, या कंटाळ्यातून ते घडलं असं सांगतात. पण त्याला आधीचाही एक धागा आहे. अमेरिकी मुलं रोलर स्केटचे दोन तुकडे करून ते एका फळीच्या पुढं-मागं ठोकत, वर फळांचं लाकडी खोकं बसवत आणि खोक्याला धरायला दांडा लावत. झाली स्कूटर. कधीतरी कुणाचं तरी खोकं मोडलं किंवा काढून टाकलं गेलं, आणि उरली ती चाकांची फळी. म्हणून स्केटबोर्डच्या शोधाचं श्रेय कुणा एकाला देता येत नाही.

आपल्याकडची बेअरिंगची गाडी आठवा. गॅरेजवाल्याकडून टाकाऊ बॉल बेअरिंगं मागून आणायची, दोन दांड्यांना ठोकायची, वर फळी टाकायची आणि कानठळ्या बसवत उतारावरून यायचं. तिच्या शोधकाचं नावही कुणाला सांगता येणार नाही. भंगार आणि उतार दोन्ही असले, की मुलं असली वाहनं करतातच.

सुतारकामाचा तास

पण भंगार आणि उतार एवढ्यावर भागत नाही. फळी सरळ कापायची, कडा गोल करायच्या, भोकं एका रेषेत पाडायची, हे कुणीतरी शिकवावं लागतं. अमेरिकेत ते शाळा शिकवत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडनमध्ये ओटो सालोमोन यांनी 'स्लॉइड' नावाची शिक्षणपद्धती उभी केली. मुलांना सुतार बनवणं हा तिचा हेतू नव्हता. लाकूडकामातून अचूकपणा, चिकाटी आणि स्वतःच्या हातांवरचा विश्वास यावा, हा होता. ही कल्पना अमेरिकेत पोचली. 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्यानं व्यवसायशिक्षणाला सरकारी पैसा मिळाला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत 'वुडशॉप' हा तिथल्या शाळेचा नेहमीचा भाग झाला होता. आपल्याकडे 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. हस्तव्यवसायातून शिक्षण हा विचार त्या परिषदेत होता. पुढं आपल्या वाट्याला त्याचा पातळ रस्सा आला, 'कार्यानुभव' नावाचा.

स्केटबोर्डच्या इतिहासात या वर्गाच्या खुणा जागोजागी सापडतात. पुढं स्केटबोर्ड आणि स्नोबोर्डच्या धंद्यात मोठं नाव झालेल्या टॉम सिम्सनं 1963 साली न्यू जर्सीतल्या शाळेच्या लाकूडकाम वर्गात बर्फावर घसरायची फळी केली होती. पॅटी मॅक्गी ही अमेरिकेची पहिली महिला राष्ट्रीय विजेती. 14 मे 1965 च्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ती आहे, धावत्या बोर्डवर हातांवर उलटी उभी. तिचा पहिला बोर्ड तिच्या भावानं शाळेच्या वर्गात केला होता. चाकं मात्र त्यानं तिच्याच रोलर स्केटची काढली होती.

या किश्श्यापाशी मी बराच वेळ थांबले. चाकं तिची, कसब तिचं, पण करवत त्याच्या हातात. कारण वुडशॉप मुलांसाठी आणि मुलींसाठी स्वयंपाक-शिवण, अशीच तिथल्या बहुतेक शाळांची वाटणी होती. ही वाटणी कायद्यानं मोडायला 1972 चा 'टायटल नाइन' कायदा यावा लागला. तेव्हा हातानं वस्तू करण्याच्या त्या काळाचं कौतुक करताना, ते हात कुणाचे होते हेही लक्षात ठेवायला हवं.

सात थरांचा विजय

1962–63 पासून कारखाने या खेळात उतरले. जीवरक्षकाचं काम केलेले लॅरी स्टीव्हनसन 'मकाहा' नावानं बोर्ड विकू लागले. 1963 साली हर्मोसा बीचच्या एका शाळेच्या आवारात स्पर्धाही झाली. या पहिल्या पिढीचे बोर्ड बहुतेक अखंड लाकडाचेच होते: छोटे, सपाट, टणक. अडचण चाकांची होती. लोखंडी चाकं दात खिळखिळे करत. त्यानंतर आलेली 'क्ले' चाकं थोडी बरी, पण खडा आला की जागच्या जागी अडकत, आणि पोरगं पुढं उडे. अपघात वाढले, शहरांनी बंदी घातली आणि 1965 च्या अखेरीस धंदा कोसळला.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी पॉलियुरेथेनची चाकं आणली. ती रस्ता धरून ठेवत आणि खडे गिळत. वेग वाढला, वळणं तीव्र झाली, लोक रिकाम्या जलतरण तलावांच्या भिंती चढू लागले. आता फळीकडून वेगळ्याच मागण्या होऊ लागल्या. मागचं टोक वर वळलेलं हवं, म्हणजे त्यावर पाय दाबून पुढचं टोक उचलता येतं. या वळणाचं पेटंट स्टीव्हनसन यांना 1971 मध्ये मिळालं.

इथं अखंड लाकूड हरलं. लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या उभ्या तंतूंची जुडी. तंतूंच्या दिशेनं ते कमालीचं बळकट असतं, पण आडव्या दिशेनं सहज फाटतं. सरपण फोडणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. जाड फळीतून वळलेलं टोक कापून काढलं, तर वळणाच्या जागी तंतू आखूड पडतात आणि नेमकं तिथंच ते तुटतं. यावर फायबरग्लास, अ‍ॅल्युमिनियम, प्लास्टिक सगळं करून पाहिलं गेलं. टिकला तो मेपलचा थरांचा बोर्ड, आणि त्या संदर्भात कॅनडाच्या विली विंकेल यांचं नाव घेतलं जातं. मेपलच्या पातळ पापुद्र्यांना सरस लावायचा आणि साच्यात दाबायचं. तंतू न तुटता वळतात. सातांपैकी साधारण दोन थर आडवे घातले, की फळी उभी फाटतही नाही.

हा विजय प्रामाणिक आहे. अखंड लाकूड 'अस्सल' आणि थरांचा बोर्ड 'नकली', असं म्हणण्यात अर्थ नाही. उड्यांसाठी थरांचाच बोर्ड चांगला. पण त्याबरोबर एक गोष्ट गेली. साचा आणि दाबयंत्र शाळेच्या वर्गात नव्हतं. ज्या मुलानं काल बोर्ड केला होता, तो आज गिऱ्हाईक झाला.

लाँगबोर्डनं ठेवलेली जागा

लाँगबोर्ड मागं पडला, पण संपला नाही. 1993 साली सॅन दिएगोजवळ 'सेक्टर 9' ही कंपनी सुरू झाली आणि लांब बोर्डांना पुन्हा बाजार मिळाला. लाँगबोर्डला वर वळलेलं टोक लागतंच असं नाही. तो सपाट चालतो, आणि त्याचा सगळा ताण लांबीच्या दिशेनं येतो. लाकूड जिथं बळकट असतं, नेमकी तीच दिशा. म्हणून अखंड फळीला इथं पुन्हा जागा मिळाली.

तो करायची रीत फार अवघड नाही, पण घाई चालत नाही. लाकूड आधी पुरतं वाळलेलं हवं. मुंबईच्या पावसाळ्यात दारं फुगून चौकटीत अडकतात, तसंच बोर्डचंही होतं. वाढीच्या वर्तुळांच्या बाजूनं लाकूड जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे आकसतं. या फरकामुळे रुंद फळी पन्हाळीसारखी वाकते. म्हणून अनुभवी माणसं एकच रुंद फळी घेण्याऐवजी अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवतात. पट्ट्या अखंड लाकडाच्याच, आणि सगळ्यांचे तंतू उभेच. गाठ मधोमध येऊ द्यायची नाही, कारण पाय तिथं पडतो आणि फळी तिथंच मोडते. मग आकार कापायचा, तंतूंच्या कलानं रंधा मारायचा. उलटा मारला तर लाकूड उपटून येतं. ट्रक, म्हणजे चाकांचे धातूचे सांगाडे, बसवायला आठ भोकं पाडायची. ती तिरकी पडली तर बोर्ड आयुष्यभर एका बाजूला ओढतो. शेवटी पॉलिशपेपर आणि तेल. फळीच्या दोन्ही तोंडांना तेल जरा जास्तच पाजायचं, कारण ओल तिथूनच शिरते.

सगळ्यात नाजूक निर्णय जाडीचा. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. 20 मिलिमीटरची फळी 16 वर आणली, की तिचा ताठपणा जवळपास निम्मा होतो. म्हणजे चार मिलिमीटरच्या भुशात बोर्ड लवचीक होतो किंवा वाया जातो. म्हणून थोडा रंधा मारायचा, फळी दोन विटांवर ठेवून वर उभं राहायचं, पुन्हा रंधा मारायचा.

लाकूड निवडण्यात जुनी अक्कल आहे. अ‍ॅश युरोप-अमेरिकेत हत्यारांचे दांडे, बेसबॉलच्या बॅट आणि गाड्यांसाठी वापरत आले, कारण ते धक्का सोसतं. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला बाभूळ घेत, त्याचं कारणही हेच. सागाचा गुण वेगळा. तो पाण्याला दाद देत नाही, पण त्यात तेल असल्यानं सरस धरायला कुरकुर करतो, आणि हत्यारांची धार लवकर घालवतो.

मग हा खटाटोप कशासाठी

लाकूड 'नैसर्गिक' म्हणून हे पुण्यकर्म, असं मी म्हणणार नाही. शिसवीच्या डालबर्जिया कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 पासून निर्बंध आहेत. 2002 साली अमेरिकेत सापडलेल्या एका हिरव्या भुंग्यानं तिथली अ‍ॅशची कोट्यवधी झाडं मारली आहेत. एका ओंडक्यातून पापुद्रे सोलले तर अखंड फळ्यांपेक्षा कितीतरी जास्त बोर्ड निघतात. पुण्यात जुने वाडे पाडले जातात तेव्हा सागाच्या तुळया-दारं विकायला येतात. असं एकदा वापरलेलं, वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड हाच मला त्यातल्या त्यात स्वच्छ मार्ग वाटतो.

खरं कारण मला दुसरीकडे दिसतं. 1980 च्या दशकापासून अमेरिकेत परीक्षा आणि पुस्तकी विषयांवर भर वाढला, आणि शाळांमधले वुडशॉप एकेक करून बंद होऊ लागले. त्यानंतरच्या पिढीतले कितीतरी जण आज गॅरेजमध्ये, गच्चीवर, भाड्याच्या खोलीच्या बाल्कनीत अखंड लाकडाचे बोर्ड करतात. शाळेनं जो तास काढून टाकला, तो हे लोक स्वतःच भरवताहेत, असं मला वाटतं. आणि यावेळी त्या तासाच्या दारात मुलगा की मुलगी, हे कुणी विचारत नाही.

दुकानातला बोर्ड तुटला की आपण दुसरा मागवतो. हातानं केलेला तुटला, की करणारी व्यक्ती तुटलेली कड हातात घेऊन बघते. इथं तंतू तिरके होते. इथं भोक कडेच्या फार जवळ गेलं. इथं आपण जाडी जास्त उतरवली. मग ती पुढची फळी शोधायला निघते, आणि या वेळी ती उजेडात तिरकी धरून तंतू कुठं जातात ते आधी बघते.