डच डुकाट

डच डुकाट : नेदरलँड्सच्या संयुक्त प्रांतांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून मुख्यतः परदेशी व्यापारासाठी पाडलेले सोन्याचे नाणे. वजन सुमारे ३.४९ ग्रॅम, म्हणजे साडेतीन माशांच्या आसपास; सोन्याचा कस ०.९८३.

मूळ डुकाट व्हेनिसचा, १२८४ सालचा. महाराष्ट्रात पुतळी म्हणतात ते हेच व्हेनिसचे नाणे. डच टांकसाळी आधी हंगेरीच्या डुकाटाची आणि स्पेनच्या फर्डिनंड-इसाबेला यांच्या सोन्याच्या नाण्यांची नक्कल करीत. १५८६ मध्ये त्यांनी स्वतःचा नमुना ठरवला, तरी हंगेरियन नाण्यावरच्या उभ्या संताची आठवण राहिलीच. दर्शनी बाजूला चिलखत घातलेला उभा योद्धा. एका हातात तलवार, दुसऱ्यात बाणांची जुडी. कडेने एकोप्याची थोरवी सांगणारे लॅटिन वचन, त्यापुढे प्रांताचे संक्षिप्त नाव आणि योद्ध्याच्या दोन्ही बाजूंना विभागलेले साल. मागच्या बाजूच्या चौकटीत, हे नाणे पवित्र रोमन साम्राज्याच्या कायद्यानुसार पाडल्याचा लॅटिन मजकूर. ज्या हाब्सबुर्ग घराण्यातील स्पेनच्या राजाविरुद्ध या प्रांतांनी बंड पुकारले, त्याच घराण्याच्या सम्राटाचा कायदा नाण्यावर मिरवायचा! पण तो १५५९ चा कायदा डुकाटाचे वजन व कस ठरवणारा होता, आणि परक्या बाजारात तीच हमी लागे. राजाचा मुखवटा नाही, नमुना बदलत नाही. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही योद्धा ओळखता येई. या नाण्याचे खरे भांडवल तेच.

हॉलंडची टांकसाळ डॉर्ड्रेख्टला होती, झीलँडची मिडलबर्गला. उत्रेख्त, गेल्डरलँड, ओव्हरआयसेल, फ्रीसलँड या प्रांतांनी, वेस्ट फ्रीसलँडने आणि काही शहरांनीही डुकाट पाडले. सोने ओतून, ठोकून पातळ पत्रा करीत. त्यातून कात्रीने चकत्या कापीत, वजन जुळवीत, तापवून मऊ करीत. खालचा ठसा लाकडी ठोकळ्यात घट्ट बसवलेला, वरचा कारागिराच्या मुठीत. मध्ये चकती ठेवून घाव घातला की नाणे तयार. मूठ जराशी हलली तरी योद्ध्याला दुहेरी रेषा येत किंवा सालाचा एखादा आकडा काठाबाहेर जाई. चकती पातळ, काठ साधा, त्यामुळे किनार कातरून सोने चोरणे सोपे. सराफ म्हणूनच लहानशा तराजूची आणि पितळी वजनांची लाकडी पेटी जवळ बाळगीत आणि नाणे तोलूनच घेत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दाबयंत्रे आली तशी हातोड्याची पद्धत मागे पडली.

बाल्टिक किनारा, पोलंड, रशिया, लेव्हंट आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आशिया अशी या नाण्याची पोहोच होती. १७२५ मध्ये बटाव्हियाच्या वाटेवर नॉर्वेजवळ बुडालेल्या ‘आकेरेनडाम’ या जहाजाच्या अवशेषांत १९७२ मध्ये हजारो डुकाट सापडले. ते अर्थात यंत्रयुगातले. रशियाने तर १७३५ पासून सेंट पीटर्सबर्गच्या टांकसाळीत हाच योद्धा गुपचूप पाडला. १८६८ मध्ये डचांच्या निषेधानंतर ते थांबले.

हातोड्याचा डुकाट ओळखताना ओबडधोबड गोलाई, असमान ठसा आणि कडेची अपुरी अक्षरे पाहावीत. अनेक नाण्यांना दागिन्यासाठी भोक पाडलेले किंवा कडी झाळलेली असते. ती काढून घासलेली जागा भिंगाखाली दिसते आणि संग्राहक अशा नाण्याला कमी किंमत देतात.